डोंगर पाठीशी, समुद्र पुढ्यात

जपानच्या नकाशात होन्शू या मुख्य बेटाच्या मध्याजवळ, दक्षिणेला पॅसिफिक महासागरात उतरलेला एक रुंद भूभाग दिसतो. ते किई द्वीपकल्प. त्याचा पश्चिम आणि दक्षिण किनारा आणि त्यामागचे डोंगर मिळून वाकायामा प्रांत होतो. क्षेत्रफळ सुमारे ४,७२५ चौरस किलोमीटर, किनारा सुमारे ६५० किलोमीटर आणि २०२०च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ९ लाख २२ हजार. आपला सिंधुदुर्ग जिल्हा ५,२०७ चौरस किलोमीटरांचा आणि २०११मध्ये साडेआठ लाख वस्तीचा. त्यावरून मराठी वाचकाला आकाराची कल्पना यावी. मात्र अधिकार वेगळे आहेत. जपानच्या ४७ प्रांतांपैकी प्रत्येकात लोकांनी थेट निवडलेला गव्हर्नर असतो आणि स्वतंत्र विधानसभा असते. पोलीस, वरच्या इयत्तांच्या सरकारी शाळा, प्रांताचे रस्ते, नद्यांचे बांध, आपत्तीची तयारी ही कामं प्रांत करतो.

या पुस्तकासाठी वाकायामा निवडण्याचं कारण सांगायला हवं. मराठी वाचकापर्यंत जपान पोहोचतो तो बहुधा टोकियो, क्योतो आणि हिरोशिमा या तीन शहरांतून. त्यातून देशाचं वैभव आणि दुःख कळतं, पण देश चालतो कसा हे कळत नाही. ते कळायला राजधानीपासून दूरचा, फारसा श्रीमंत नसलेला, समुद्राच्या काठचा एखादा प्रांत नीट पाहावा लागतो. वाकायामात भूगोल एका बाजूला आणि राज्यकारभार दुसऱ्या बाजूला अशी वाटणी करताच येत नाही. सपाट जमीन थोडी, पाठीशी डोंगर, पुढ्यात समुद्र. पोटाला मिळतं तेही या दोघांकडून आणि संकट येतं तेही त्यांच्याकडूनच. सत्तेची गादी क्योतोला असो, एदोला असो की टोकियोला, ती कायम डोंगरापलीकडे राहिली. त्यामुळे इथली पुष्कळ मोलाची कामं आधी गावाने उचलली आणि सरकार मागाहून आलं. काही वेळा तर सरकारला अडवूनच ती करावी लागली. माझ्या मते या प्रांताच्या इतिहासातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे.

आधी जमीन पाहू. प्रांताचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. उत्तरेला किनोकावा नदी नारा प्रांतातून येते आणि जवळजवळ सरळ रेषेत पश्चिमेला वाहत समुद्राला मिळते. ही रेषा नदीने स्वतः आखलेली नाही. जपानमधला सर्वांत लांब प्रस्तरभंग इथून जातो आणि नदीने त्याचीच वाट धरली आहे. या खोऱ्यातच प्रांतातली सर्वांत मोठी सलग शेतजमीन आहे. नदीच्या मुखाशी वाकायामा शहर आहे आणि प्रांतातल्या दर पाच माणसांपैकी जवळजवळ दोन तिथे राहतात. दक्षिणेला जावं तसा पाऊस वाढत जातो. वाकायामा शहरात वर्षाला चौदाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तर द्वीपकल्पाच्या टोकाला, शिओनोमिसाकीला, अडीच हजारांच्या वर. हे होन्शूचं अगदी दक्षिणेचं टोक. कुरोशिओ हा उबदार सागरी प्रवाह त्याच्या जवळून जातो, म्हणून इतक्या उत्तरेच्या अक्षांशावरही टोकाजवळच्या कुशिमोतोच्या समुद्रात प्रवाळांच्या वसाहती वाढतात. २००५मध्ये त्यांची रामसार यादीत नोंद झाली.

या दोन टोकांमध्ये डोंगर थेट पाण्यापर्यंत येतात आणि दोन सुळक्यांच्या बेचक्यातल्या खाडीत एकेक गाव वसतं. शेजारच्या गावाला जायचं तर डोंगर चढून उतरा नाहीतर होडी काढा. किनाऱ्याला वळसा घालणारा रेल्वेमार्ग सलग जोडला गेला तो १९५९मध्ये. प्रांताची भाषा, स्वयंपाक, देवळं आणि राजकारणसुद्धा खोऱ्याखोऱ्याला बदलतं, त्यामागे हीच रचना आहे.

उतारावरच्या शेतीत या लोकांनी जे साधलं ते थोडं सविस्तर सांगतो. आरिदा नदीच्या दोन्ही बाजूंना दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांवर मिकान संत्र्यांच्या बागा आहेत. त्याच्या दक्षिणेला मिनाबे आणि तानाबे परिसरात जपानमधल्या उमे या आंबट फळाचं निम्म्याहून अधिक उत्पादन होतं. इथली माती मुरमाड आणि उतार तीव्र. भात पिकणं कठीण. शेतकऱ्यांनी डोंगराच्या माथ्यावर उबामे ओकचं जंगल राखलं आणि त्याखाली उमेच्या बागा लावल्या. माथ्यावरचं जंगल माती धरून ठेवतं आणि पाणी हळूहळू खाली सोडतं. उमे फुलतो थंडी सरण्याआधी, फुलांवर कीटक फार नसतात अशा दिवसांत. तेव्हा माथ्यावरच्या जंगलात राहणाऱ्या जपानी मधमाश्या खाली येऊन परागीभवन करतात. त्याच ओकपासून बिंचोतान हा कठीण कोळसा बनतो. सगळं झाड न तोडता जाड खोडं तेवढी कापायची, बारीक राखायची. भट्टीत लाकूड कित्येक दिवस कोंडून जाळायचं, शेवटी हवा देऊन आच हजार अंशांपर्यंत न्यायची, आणि लालभडक कोळसा बाहेर ओढून ओलसर राखमातीखाली विझवायचा. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखा नाद येतो. जपानभरच्या खानावळी मासे आणि कोंबडी भाजायला हाच कोळसा मागतात. जंगल, बाग, माशी आणि भट्टी यांच्या या सांगडीला २०१५मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषी वारशाचा दर्जा दिला. हा दर्जा मिळाला तो कोणा कृषिखात्याने आखलेल्या योजनेला नव्हे, नापीक उतारावर पोट भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हिशेबाला.

डोंगरांनी या प्रांताला दुसरी ओळख दिली ती तीर्थक्षेत्राची. आग्नेयेच्या कुमानो भागात होंगू, शिंगू आणि नाची ही तीन मोठी देवस्थानं आहेत. नाचीचा धबधबा १३३ मीटरांचा आणि तोच देव. अकराव्या ते तेराव्या शतकांत निवृत्त सम्राट क्योतोहून लवाजम्यासह इथे येत. गो-शिराकावा तीसहून अधिक वेळा आला. पाठोपाठ सामान्य माणसं येऊ लागली. कुमानोने स्त्री-पुरुष, निरोगी-रोगी असा भेद केला नाही. त्याच प्रांतातल्या कोयासान या बौद्ध तीर्थाच्या डोंगरावर मात्र १८७२ पर्यंत स्त्रियांना वर जायची बंदी होती. त्यांनी डोंगराच्या कडेने फिरून बाहेरच्या मठीत हात जोडायचे. एकाच प्रांतातल्या दोन तीर्थांचा हा विरोध वाचकाने लक्षात ठेवावा. ही सारी क्षेत्रं आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा २००४पासून युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत आहेत.

कोयासानशी आपलं नातं जुनं आहे, आणि नवंही. ८०४मध्ये चीनला गेलेल्या कुकाई या भिक्षूने चांगआनला बौद्ध तंत्रमार्गाची दीक्षा घेतली, भारतातून आलेल्या प्रज्ञ नावाच्या आचार्याकडे तो संस्कृतही शिकला. ८१६मध्ये सम्राट सागाने त्याला हा डोंगर दिला आणि शिंगोन पंथाचं केंद्र उभं राहिलं. त्याने सोबत आणलेली सिद्धम् लिपी इथे आजही लिहिली जाते. ओकुनोइन या दोन लाखांवर समाध्यांच्या स्मशानभूमीत, उंच देवदारांखाली, पाच दगड एकावर एक रचलेली स्मारकं जागोजागी आहेत. त्यांवर पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश यांची बीजाक्षरं खालून वर कोरलेली असतात: अ, व, र, ह, ख. बाराशे वर्षांपूर्वीची ही अक्षरं वाचताना मराठी माणसाला कोणाच्या मदतीची गरज नाही, फक्त वळण ओळखावं लागतं. २०१३मध्ये महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात सहकार्याचा करार झाला, आणि सप्टेंबर २०१५मध्ये कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झालं. नागपूरच्या दीक्षाभूमीवर ज्यांची श्रद्धा आहे त्यांना हा डोंगर परका वाटू नये.

सत्तेचा इतिहास मी इथे थोडक्यात आटोपतो, कारण पुस्तकात त्याला पुरेशी जागा आहे. सोळाव्या शतकात किनोकावाच्या खोऱ्यात कोणा एका सरदाराचं राज्य नव्हतं. नेगोरोचे मठवासी आणि साइकाचे गावकरी-बंदूकधारी आपला कारभार आपण पाहत. १५८५मध्ये तोयोतोमी हिदेयोशीने नेगोरो जाळलं, ओता किल्ल्याभोवती बांध घालून नदीचं पाणी आत सोडलं आणि ही स्वायत्तता संपवली. त्याच वर्षी वाकायामाचा किल्ला बांधायला घेतला गेला. १६१९मध्ये तोकुगावा इएयासूचा दहावा मुलगा योरिनोबू ५ लाख ५५ हजार कोकू तांदळाच्या उत्पन्नाच्या जहागिरीवर आला. शोगुनच्या, म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, घराण्यात वारस नसला तर ज्या तीन शाखांकडे पाहायचं, त्यांत किईची ही शाखा होती. १७१६मध्ये तशी वेळ आली आणि किईचा पाचवा सरदार योशिमुने आठवा शोगुन झाला.

योशिमुनेने शोगुनच्या राजधानीत, एदोला, काय नेलं हे मला त्याच्या राज्यारोहणापेक्षा महत्त्वाचं वाटतं. तो किईचा सरदार असताना, १७०७मध्ये, मोठा भूकंप आणि त्सुनामी झाली. जहागिरीची तिजोरी आधीच रिकामी होती. त्याच काळात ओहाता साइझो या शेतकरी घरातून आलेल्या कारागिराने किनोकावाच्या उत्तर काठाने ओदाइ कालवा काढला. उतार इतका कमी की पाणी चालतं की नाही हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणं अशक्य. त्याने त्यासाठी पातळी मोजायचं साधन तयार केलं. इझावा यासोबे हा इथलाच पाटबंधारे जाणणारा माणूस पुढे योशिमुनेच्या बोलावण्यावरून एदोला गेला आणि १७२८मध्ये तिथल्या मैदानात मिनुमाचा मोठा कालवा पूर्ण केला. किईच्या अडचणीच्या जमिनीवर घडलेली विद्या अशी देशाच्या कामी आली.

किनोकावाच्या याच खोऱ्यात हानाओका सेइशू हा वैद्य राहत होता. धोतरा आणि बचनाग यांच्यासह काही वनस्पतींपासून त्याने भूल देणारं औषध वर्षानुवर्षं खपून तयार केलं, आणि १३ ऑक्टोबर १८०४ रोजी एका स्त्रीच्या स्तनातला कर्करोग तिला पूर्ण बेशुद्ध करून काढला. बोस्टनच्या ईथरच्या प्रयोगाला तेव्हा आणखी बेचाळीस वर्षं होती. औषधाची चाचणी त्याच्या आईने आणि पत्नीने स्वतःवर करू दिली आणि पत्नीची दृष्टी गेली. वाकायामातच जन्मलेल्या आरियोशी सावाको या कादंबरीकर्तीने १९६०च्या दशकात त्या दोन स्त्रियांवर कादंबरी लिहिली. वैद्याच्या कीर्तीमागची घरातली किंमत तिने जपानी वाचकांसमोर मांडली, याबद्दल तिचे आभारच मानायला हवेत.

आता ज्या माणसाभोवती या पुस्तकाचा बराच भाग फिरतो, त्याच्याकडे येतो. आजच्या हिरोगावा नगराचा किनारी भाग म्हणजे पूर्वीचं हिरो गाव, खाडीच्या तोंडाशी. हामागुची गोर्यो हा इथल्या सोया सॉस बनवणाऱ्या घराण्याचा कर्ता; व्यवसाय दूर पूर्वेला चोशीमध्ये, घर इथे. २४ डिसेंबर १८५४ रोजी दुपार कलताना भूकंप झाला आणि लाटा आल्या. अंधार पडू लागला होता, लोक पाण्यात चाचपडत होते. हामागुचींनी शेतातल्या भाताच्या पेंढ्यांच्या उडव्या पेटवल्या आणि त्या उजेडाच्या अनुरोधाने माणसं टेकडीवरच्या देवळाकडे निघाली. गाव बहुतांश वाचलं, तरी तीसेक जण गेले. पुढे लेखक लाफकाडिओ हर्नने १८९७मध्ये ही गोष्ट इंग्रजीत सांगितली, तिच्यावरून शाळेचा धडा झाला आणि दोन्हींत नायक डोंगरावर राहणारा म्हातारा झाला. खरे हामागुची त्या वेळी पस्तिशीतही नव्हते आणि लाटेत स्वतःही सापडले होते.

पण धड्यात न आलेला भाग त्याहून मोठा आहे. त्सुनामीनंतर गावात ना घरं उरली, ना होड्या, ना काम. माणसं गाव सोडू लागली. हामागुचींनी धान्य मिळवलं, घरं बांधून दिली, होड्या आणि अवजारं दिली, आणि पुढच्याच वर्षी समुद्राच्या काठाने मातीचा बांध घालायला घेतला. लांबी सुमारे ६०० मीटर, उंची ५ मीटर. चार वर्षं काम चाललं आणि खर्च हामागुचींच्या घराण्याने केला. कामावर गावातलेच शेकडो स्त्री-पुरुष, मजुरी रोजच्या रोज, म्हणजे ज्याला गाव सोडायचं होतं त्याला थांबायला कारण मिळालं. समुद्राच्या बाजूला जुनी दगडी भिंत होती; ती आणि नवा बांध यांच्यामध्ये पाइनची झाडं लावली, आतल्या उतारावर मेणाची फळं देणारी हाझेची झाडं, कारण बांध टिकवायचा तर त्याच्या देखभालीला उत्पन्न हवं. एका बांधात लाटेपासून रक्षण, दुष्काळी काम आणि भविष्याचा निधी या तिन्ही गोष्टी बसवल्या गेल्या. सरकारी खात्यांनी असा एकत्र विचार केल्याची उदाहरणं जपानमध्ये त्या काळी शोधावी लागतील.

२१ डिसेंबर १९४६च्या पहाटे पुन्हा भूकंप आणि त्सुनामी आली. बांधामागचं गाव वाचलं. बांधाची कड ओलांडून सखल भागात नंतर जी वस्ती वाढली होती, तिथे मात्र माणसं मेली. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच सांगितली गेली पाहिजे. आजही दर नोव्हेंबरला गावातली मुलं बांधावर मूठमूठ माती आणून टाकतात. जुन्या पंचांगाप्रमाणे १८५४च्या त्या भूकंपाचा दिवस अकराव्या महिन्याचा पाचवा होता. त्यावरूनच संयुक्त राष्ट्रांनी २०१५मध्ये ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला. हामागुची पुढे देशाच्या टपालखात्याचे काही काळ प्रमुख होते आणि वाकायामाच्या प्रांतिक विधानसभेचे पहिले अध्यक्षही. बांध घालणारा माणूस सभागृहाच्या खुर्चीवर बसावा, याहून या प्रांताच्या राज्यकारभाराला चांगली सुरुवात मला सुचत नाही.

ती विधानसभा ज्या प्रांताची होती, तो प्रांत तेव्हा नवाच होता. १८७१मध्ये मेइजी सरकारने जहागिरी मोडून प्रांत केले. वाकायामा, तानाबे आणि शिंगू हे तीन तुकडे जोडून आजचा वाकायामा झाला आणि कुमानो नदीच्या पलीकडचा जुन्या किईचा मुलूख पुढे मिए प्रांतात गेला. एकाच मुरो परगण्याचे दोन तुकडे पूर्व-पश्चिम वाकायामात, दोन उत्तर-दक्षिण मिएत. देवस्थानं इकडे, भाविकांची गावं तिकडे. या रेषा ओढताना कितायामा गावाने जे केलं त्याचं मला कौतुक वाटतं. डोंगरातलं हे गाव चहूबाजूंनी नारा आणि मिए यांनी वेढलेलं आहे. पण त्याचं लाकूड तराफ्यांवर बांधून नदीने शिंगूला जायचं, पैसा शिंगूहून यायचा. म्हणून गावाने शिंगूबरोबर राहायचं ठरवलं, आणि आजही ते वाकायामाचं आहे. संपूर्ण गावच आपल्या प्रांतापासून तुटलेलं असावं असं जपानमध्ये हे एकमेव. लोकसंख्या आता चारशेच्या आसपास. धरणं झाल्यावर तराफे थांबले. १९७९पासून पर्यटकांसाठी ते पुन्हा सुरू झाले. नदीवरचा व्यवहार संपला तरी त्याने आखलेली सीमा उरली.

नवं सरकार या प्रांताला नेहमीच मानवलं असं नाही. १९०६पासून टोकियोच्या गृहखात्याने गावोगावची छोटी देवळं मोडून एका गावात एकच देऊळ ठेवायचं धोरण राबवलं. गव्हर्नर तेव्हा टोकियोहून नेमले जात. लोकांनी निवडायला सुरुवात झाली ती १९४७मध्ये. वाकायामा आणि मिए इथे हे धोरण सर्वांत कठोरपणे राबवलं गेलं. देऊळ गेलं की त्याच्याभोवतीची देवराई लाकडाच्या ठेकेदाराकडे जायची. तानाबेत राहणारे मिनाकाता कुमागुसू याविरुद्ध उभे राहिले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये वर्षानुवर्षं अभ्यास केलेला, बुरशीसारख्या दिसणाऱ्या चिखलजीवांचा हा संशोधक. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: देवराई गेली की तिथले जीव जातात, पाणी जातं, किनाऱ्यावरच्या झाडीची सावली गेली की मासे जातात आणि गावाने एकत्र येण्याची जागा जाते. १९११मध्ये गव्हर्नरला लिहिलेल्या पत्रात त्यांनी परिसंस्थाशास्त्राचं नाव घेतलं, जेव्हा ते शास्त्र युरोपातही नवं होतं. त्याआधीच्या वर्षी एका सरकारी सभेत घुसल्याबद्दल त्यांना अठरा दिवस तुरुंगात काढावे लागले. अखेर १९२०मध्ये उमरावांच्या सभागृहाने हे धोरण निरुपयोगी ठरवलं. १९२९मध्ये जीवशास्त्राची आवड असलेले सम्राट तानाबेच्या खाडीतल्या काशिमा बेटावर आले, तेव्हा मिनाकातांनी त्यांच्यापुढे नमुने ठेवले ते कॅरमेलच्या खोक्यांतून. आज कुमानोच्या वाटेने चालणारे परदेशी यात्रेकरू ज्या जुन्या सीडर वृक्षांखाली थांबतात, त्यांतले काही या एका माणसाच्या हट्टामुळे उभे आहेत. प्रांताच्या पर्यटनखात्याने त्यांचं ऋण मोठ्या अक्षरांत मान्य करावं असं मला वाटतं.

शिंगूच्या ओइशी सेइनोसुके या डॉक्टरांच्या वाट्याला असा शेवट आला नाही. अमेरिकेत शिकून आलेले, गरिबांकडून पैसे न घेणारे, समाजवादी विचारांचे ओइशी सम्राटाविरुद्धच्या कटाच्या आरोपाखाली धरले गेले आणि जानेवारी १९११मध्ये फाशी गेले. त्या खटल्यातले बहुतेक आरोप आज इतिहासकार रचलेले मानतात. शिंगू शहराने २०१८मध्ये त्यांना मानद नागरिक केलं. शंभरहून अधिक वर्षांनी का होईना, हे शहराने केलं, आणि तो मान शहराचाच आहे.

समुद्राकडे वळलेल्या माणसांचंही इथे बोलायला हवं. ताइजीने १६०६पासून संघटितपणे देवमाशांची शिकार केली. १८७८च्या एका मोहिमेत शंभरावर माणसं वादळात गेली आणि जुनी पद्धत मोडली. तिथली डॉल्फिनची शिकार आज जगभर निषेधाचा विषय आहे. मलाही ती थांबावी असं वाटतं, पण त्या गावाचा चारशे वर्षांचा इतिहास न वाचता दिलेला निकाल मला मान्य नाही. १६ सप्टेंबर १८९०च्या वादळी रात्री ओशिमा बेटाच्या खडकांवर तुर्कस्तानचं एर्तुग्रुल जहाज फुटलं. पाचशेवर खलाशी बुडाले. वाचलेल्या ६९ जणांना बेटावरच्या गरीब कोळ्यांनी आपल्या घरात ठेवलं, साठवलेलं अन्न दिलं. मिओ गावातून १८८८मध्ये एक सुतार कॅनडाला गेला, आणि त्याच्या मागोमाग फ्रेझर नदीच्या मुखावर साल्मन पकडायला अर्धं गाव गेलं. कुशिमोतो आणि ताइजीचे पाणबुडे ऑस्ट्रेलियात मोत्यांच्या शिंपल्यांसाठी गेले. शेत नसलेल्या माणसाला समुद्र हाच रस्ता होता.

आजच्या प्रांतात ९ शहरं, २० नगरं आणि एक गाव, असे तीस स्थानिक विभाग आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते पन्नास होते. २००५मध्ये पाच जोडून झालेलं तानाबे एकटंच प्रांताच्या पाचव्या भागाहून मोठं आहे. त्यातल्या डोंगरातल्या म्हाताऱ्याला पालिकेच्या कचेरीत यायला दिवस मोडतो. हे विलीनीकरण कागदावर काटकसरीचं दिसलं तरी खोऱ्यांच्या या प्रांताला ते सोसलं नाही, असं माझं मत आहे. १९८५मध्ये लोकसंख्या पावणेअकरा लाखांहून अधिक होती. तेव्हापासून ती एकंदरीत घटत गेली आहे आणि २०२४च्या निवडणुकीपासून राष्ट्रीय संसदेच्या खालच्या सभागृहातल्या जागा तीनवरून दोन झाल्या. ४२ जणांच्या प्रांतिक विधानसभेत तरुण माणसांना परत कसं आणायचं हा प्रश्न कायम असतो. कुशिमोतोत खासगी रॉकेटसाठी प्रक्षेपणकेंद्र उभं राहिलं, पण २०२४मधले त्याचे दोन्ही प्रयत्न फसले. एप्रिल २०२५मध्ये गव्हर्नर किशिमोतो शूहेइ यांचं पदावर असतानाच निधन झालं आणि जूनमध्ये त्यांचे उपगव्हर्नर मियाझाकी इझुमी निवडून आले.

त्यांच्यापुढचं सर्वांत मोठं काम समुद्राच्या तळाशी आहे. नानकाइ खंदकात १७०७, १८५४, १९४४ आणि १९४६मध्ये मोठे भूकंप झाले; पुढचा येणार हे सरकार आणि शास्त्रज्ञ दोघेही धरून चालतात. प्रांताच्या दक्षिण टोकाला लाट काही मिनिटांतच पोहोचेल, म्हणजे धावायला वेळ जवळजवळ नाही. म्हणून कुशिमोतोने आपलं नगरकार्यालय उंचावर हलवलं, किनाऱ्यावर उंच आसरे बांधले जात आहेत, आणि शाळांमध्ये मुलांना घंटेची वाट न पाहता पळायला शिकवलं जातं. २०११च्या सप्टेंबरमध्ये संकट उलट बाजूने आलं: चक्रीवादळाच्या पावसाने डोंगर खचले, नाची आणि कुमानो नद्यांना पूर आले आणि प्रांतात पन्नासहून अधिक माणसं गेली. समुद्रापासून वाचायला वर हलवलेली वस्ती डोंगराच्या कोसळणाऱ्या उताराखाली जाऊ नये, याचा हिशेब आता प्रत्येक नगराला मांडावा लागतो. त्या हिशेबाचे नकाशे पुस्तकाच्या शेवटच्या भागात घेतले आहेत.

पुस्तकाची मांडणी काळाच्या क्रमाने नाही. किनोकावाच्या मुखापासून सुरुवात करून किनाऱ्याने दक्षिणेला शिओनोमिसाकीपर्यंत आणि तिथून पूर्वेला शिंगूपर्यंत, मग नदीने वर डोंगरात, असा हा प्रवास आहे. प्रत्येक ठिकाणी त्या खोऱ्याचा इतिहास आणि आजचा कारभार एकत्रच सांगितला आहे. जपानी नावांत आडनाव आधी ठेवलं आहे. १८७३च्या आधीच्या घटनांच्या तारखा जिथे दिल्या आहेत, तिथे त्या आपल्या नेहमीच्या कॅलेंडरप्रमाणे बदलून घेतल्या आहेत.